पुणे–पणजी स्लीपर बस: एका किल्लीने आणि दोऱ्याने केलेले परीक्षण

पुण्याहून पणजीला आणि परत अशा रात्रीच्या वातानुकूलित स्लीपर बसच्या प्रवासाचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. जे लिहायचे आहे त्यातले बरेचसे कोणत्याही स्लीपर बसला लागू पडते, आणि जे केवळ या कंपनीपुरते आहे ते दोन रात्रींच्या अनुभवावरून जाहीर करणे मला योग्य वाटत नाही. अशा बसगाड्यांची परीक्षणे वाचली तर गादी, चादर, चार्जिंगची सोय, एसीची थंडी, जेवणाच्या थांब्यावरचे दर यांबद्दल भरपूर माहिती मिळते. गाडी कशी चालवली गेली याबद्दल मात्र ‘ड्रायव्हर रफ होता’ किंवा ‘ड्रायव्हर चांगला होता’ यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात २७ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. त्यामुळे रफ म्हणजे नेमके किती रफ हे मोजून पाहण्याची खोड अजून गेलेली नाही, आणि या प्रवासात ती पुरेपूर भागवून घेता आली.

गाडी १२ मीटर लांबीची होती. डाव्या बाजूला एकेरी बर्थ, उजव्या बाजूला दुहेरी, आणि दोन्हीकडे खालची व वरची अशी रांग मिळून ३० जणांची सोय. मला डाव्या बाजूचा खालचा बर्थ मिळाला आणि पत्नीला त्याच्याच वरचा. भाडे माणशी १,२५० रुपये. वाकडहून रात्री नऊला निघून कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि बांदा असा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा मार्ग कापून सकाळी साडेसातला गाडी पणजीला पोहोचली.

बसमध्ये उभ्या माणसाला जडत्व शिकवावे लागत नाही. गाडी सुटली की तो मागे जातो, ब्रेक लागला की पुढे जातो, वळणावर शेजाऱ्याच्या अंगावर जातो. विराम अवस्थेचे, गतीचे आणि दिशेचे जडत्व ही पाठ्यपुस्तकातली तिन्ही नावे त्याला एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतच समजून येतात. बसलेल्या माणसाला पाठीमागे आसन असते, समोर दांडी असते, पाय जमिनीला टेकलेले असतात. त्यामुळे गाडीचा वेग बदलला की तो बदल त्याच्या शरीरापर्यंत पोहोचवायला या तीन जागा असतात. आडव्या माणसाजवळ यातले काहीच नसते. त्याचे सगळे शरीर गादीवर पसरलेले असते आणि गाडीशी त्याचे नाते जवळजवळ केवळ घर्षणाचे असते. गाडी थांबते, पण शरीर आपल्या आधीच्या वेगाने पुढे जाऊ पाहते. त्याला थोपवायला चादर आणि रेक्झीन यांच्यामधले घर्षण तेवढे उरते. शिवाय तो झोपलेला असल्यामुळे स्नायू सैल असतात, आणि येणाऱ्या वळणाची चाहूल घेऊन अंग सावरून धरणे, जे जागा प्रवासी नकळत करत असतो, तेही त्याला शक्य नसते. म्हणूनच स्लीपर बसमध्ये चालकाच्या पायाला बसण्याच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व येते, असे माझे मत आहे.

मोजण्यासाठी मी वरच्या बर्थच्या तळाला असलेल्या हुकाला ३० सेंटीमीटर लांबीचा दोरा बांधून त्याला घराच्या कपाटाची किल्ली लटकवली आणि शेजारच्या भिंतीवर चिकटपट्टीने एक मोजपट्टी लावली. क्लीनरने ते पाहून नजर उतरवायचे काही आहे का, असे विचारले. हिशेब सोपा आहे. गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरने कमी होत असेल तर किल्ली सरळ रेषेपासून साधारण ३ सेंटीमीटर पुढे झुकते, ताशी सात किलोमीटरने कमी होत असेल तर ६ सेंटीमीटर, आणि ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे बऱ्यापैकी जोरदार ब्रेक लागला, तर साडेतेरा सेंटीमीटर. यातला पहिला आकडा शहरी मेट्रो वेग घेते तेव्हाच्या ओढीच्या आसपासचा आहे. त्यात उभा माणूसही फारसा डगमगत नाही. किल्ली अर्थातच झोके खाते, म्हणून एका क्षणाचा आकडा खरा मानायचा नाही; ब्रेक दोन-तीन सेकंद टिकला तर झोक्याचा मध्य पाहायचा. चढावर तर किल्ली नुसत्या उतारामुळेच मागे सरकते. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर दीड सेंटीमीटर. गाडी चढते आहे की वेग घेते आहे, हे किल्लीला कळत नाही, आणि डोळे मिटून पडलेल्या माणसालाही कळत नाही.

वाकड ते कोल्हापूर या पहिल्या टप्प्यात गाडी एका तरुण चालकाच्या हाती होती. महामार्गावर मोकळा रस्ता असेपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या गाडीत शरीराला काहीच जाणवत नाही, मग तो वेग ताशी ४० असो की ८०. या ठिकाणी बहुतेक प्रवाशांचा गैरसमज असतो. त्रास वेगाने होतो असे ते समजतात आणि चालकाला ‘हळू चालवा’ म्हणतात. त्रास वेगातल्या बदलाने होतो. खंबाटकीच्या चढावर तो बदल सुरू झाला. चढावर क्लच दाबला की गाडीची ओढ तुटते आणि चढ तिला लगेच मंदावतो. आपण पायांकडे सरकतो. पुढचा गिअर पडून क्लच झटक्यात सुटला की गाडी पुढे उसळते आणि आपण उशीकडे येतो. प्रत्येक गिअरला ही ये-जा झाली. क्लच सावकाश सोडणाऱ्या चालकाच्या हाताखाली हीच गाडी हे करत नाही, हे पुढे कळलेच.

साताऱ्याच्या पुढे रस्ता रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणमार्ग होते आणि प्रत्येक वळणमार्गाच्या तोंडाशी चालक शेवटच्या क्षणी ब्रेक मारत होता. किल्ली सातत्याने सहा ते आठ सेंटीमीटर पुढे जात होती आणि दोनदा मोजपट्टीच्या टोकाच्या जवळ गेली. एवढे आकडे सहन होण्यापलीकडचे नाहीत. खरा त्रास झाला तो गाडी पूर्ण थांबण्याच्या क्षणाला. मराठीत आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, ‘गचका’, आणि गचका म्हणजे ब्रेकचा जोर नव्हे. तो जोर किती अचानक बदलला याचे ते नाव आहे. ब्रेक लागलेला असताना शरीर पायांच्या दिशेने ओढलेले असते आणि गादी, पाय, पाठ यांनी त्या ओढीशी जुळवून घेतलेले असते. गाडी थांबली की ती ओढ एका क्षणात शून्य होते. जुळवून घेतलेले शरीर मागे फेकले जाते आणि डोके उशीवर आपटते. ब्रेकचा दाब तसाच ठेवून थांबले तर हे होणारच. थांबण्याच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडल थोडे सैल सोडले तर ओढ हळूहळू विरते आणि गाडी कधी थांबली ते कळतही नाही. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत मी हा गचका २३ वेळा मोजला आणि मग मोजणे सोडून दिले.

कोल्हापूरला रात्री सव्वादोनच्या सुमारास चालक बदलला. साठीच्या जवळ आलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ चाकावर बसले. गाडी तीच, बर्थ तोच, किल्ली तीच, आणि पुढचा रस्ता आधीच्यापेक्षा अरुंद व वळणांचा. वर्गात प्रयोग शिकवताना ‘एक सोडून बाकी सर्व घटक स्थिर ठेवा’ असे आपण म्हणतो. इथे तो प्रयोग आपसूक जुळून आला होता. निपाणी सोडून आजऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत किल्ली चार सेंटीमीटरच्या पुढे एकदाही गेली नाही आणि थांबण्याचे गचके जवळजवळ नाहीसे झाले. एका गावाबाहेरच्या गतिरोधकापाशी गाडी थांबली होती हे मला खिडकीबाहेरच्या दिव्यावरून समजले.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडीकडे उतरणारा घाट दिशेच्या जडत्वाचा खराखुरा वर्ग आहे. वळणावर आपल्याला कोणी बाहेर ढकलत नसते. आपले शरीर सरळच जात असते. गाडी आपल्याखालून वळून जाते आणि तिची भिंत किंवा बर्थची कड आपल्याला अडवते. माझा बर्थ डाव्या बाजूचा असल्याने गाडी उजवीकडे वळली की मी खिडकीला टेकत होतो आणि डावीकडे वळली की मधल्या वाटेकडे लवंडत होतो. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ४० किलोमीटरने ते घेतले तर ही बाजूची ओढ वजनाच्या सुमारे पाव पट होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला कोणी पंधरा किलोचे पोते अंगाला लावून रेटावे तसे. तेच वळण ताशी ३० ने घेतले तर ती साडेआठ किलोच्या आसपास येते. वेग पाव हिश्श्याने कमी केला की ओढ जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. घाट उतरायला यामुळे चार-पाच मिनिटे जास्त लागतात. या चालकाने ती मिनिटे दिली, आणि संपूर्ण घाटात माझी किल्ली बाजूला साडेचार सेंटीमीटरच्या वर गेली नाही.

पत्नीचा वरचा बर्थ मात्र वेगळे सांगत होता. ‘अहो, कोल्हापूरपर्यंत सुपात होते आणि नंतर पाळण्यात,’ हे तिचे सकाळचे विधान मला माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा नेमके वाटते. वळणावर गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर बाहेरच्या बाजूला कलतो, आणि हे कलणे ज्या आसाभोवती होते तो खाली, जमिनीपासून फार उंच नसतो. त्यामुळे खालच्या बर्थवरचा माणूस थोडा हलतो आणि वरच्या बर्थवरचा जास्त. झाडाच्या बुंध्याशी आणि शेंड्याशी वारा वेगवेगळा जाणवतो तसे. ज्यांना गाडी लागते त्यांनी वरचा बर्थ कधीही घेऊ नये.

गाडी लागणे हाही जडत्वाचाच व्यवहार आहे, फक्त तो कानाच्या आत चालतो. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की नलिका फिरतात, पण आतला द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यावरून मेंदूला फिरण्याची खबर मिळते. त्यांच्याशेजारी कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका मऊ थरावर बसलेले असतात; वेग बदलला की तेही मागे राहतात आणि सरळ रेषेतल्या ओढीची वर्दी देतात. कान म्हणतो आपण हलतो आहोत, आणि पडदा ओढलेल्या बर्थमध्ये डोळा म्हणतो सगळे स्थिर आहे. या दोघांच्या भांडणात पोट बळी जाते. साधारण पाच सेकंदांनी एक अशा संथ हेलकाव्यांनी सर्वांत जास्त मळमळ होते, आणि घाटात एकापाठोपाठ येणारी उलटसुलट वळणे बरोबर त्याच चालीची असतात. आडवे पडून डोळे मिटणे हा चांगला उपाय आहे, म्हणजे या बाबतीत स्लीपर गाडी बसण्याच्या गाडीपेक्षा उजवी ठरते. पत्नीने त्यावर आलेपाकाची वडी चघळली. तिच्या गुणाबद्दल मी भौतिकशास्त्राच्या बाजूने काही बोलू शकत नाही.

बर्थ निवडताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला घ्यावा. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा बराच भाग नुसता लोंबत असतो आणि गतिरोधकावर तो तरफेच्या लांब टोकासारखा उडतो. गाडी खाली येते तेव्हा शरीर वरच्या दिशेने जातच असते, आणि गादी त्याच्याखालून पुरेशा वेगाने निघून गेली तर माणूस क्षणभर खरोखर अधांतरी असतो. शेवटच्या बर्थवरचे एक गृहस्थ जेवणाच्या थांब्यावर कमरेला हात लावून उतरले, त्यांना हे सांगण्याचा मोह मी आवरला. दुहेरी बर्थ ओळखीच्या माणसाबरोबरच घ्यावा. घाटात प्रत्येक वळणाला दोघांपैकी एकजण दुसऱ्यावर जाणार हे ठरलेले आहे.

आता कंपनीच्या बाजूचे दोष. उशी गाडीच्या मागच्या बाजूला आणि पाय चालकाच्या दिशेने अशी बर्थची मांडणी आहे, आणि ती योग्य आहे. जोराचा ब्रेक लागला तर तळपाय फळीला टेकतात, डोके नाही. पण चार्जिंगचे सॉकेट आणि वाचायचा दिवा या दोन्ही गोष्टी पायाकडच्या टोकाला बसवलेल्या आहेत. परिणामी माझ्या समोरच्या रांगेतले निम्म्याहून अधिक प्रवासी मोबाइल हाताशी राहावा म्हणून उलटे, म्हणजे डोके पुढच्या फळीकडे करून झोपले होते. एका सॉकेटची जागा चुकल्यामुळे सुरक्षिततेची सगळी मांडणी उलटी व्हावी, हे मला या गाडीतले सर्वांत गंभीर न्यून वाटले.

दुसरे न्यून पट्ट्याचे. प्रत्येक बर्थला कमरेचा पट्टा दिलेला आहे, पण माझा गादीखाली दाबला गेला होता आणि पत्नीच्या बर्थवर त्याचे एकच टोक शिल्लक होते. क्लीनरला सांगितले तेव्हा ‘कोणी लावत नाही’ असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मोटारींतल्या मागच्या पट्ट्यांची पुष्कळ चर्चा झाली, पण बसच्या बर्थपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही.

तिसरी गोष्ट चादरीची. कंपनी देते ती चादर गुळगुळीत आहे आणि खालचे रेक्झीनही गुळगुळीत. घरी परतल्यावर मी जुन्या दिवाणाची रेक्झीन लावलेली फळी घेऊन तिच्यावर तशीच चादर आणि चादरीवर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून फळी एका बाजूने उचलत गेलो. साधारण १७ अंशांना सगळे घसरले. याचा अर्थ गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी दहा-अकरा किलोमीटरहून अधिक वेगाने उतरला की त्या चादरीवरचा माणूस घसरू लागणार. चादरीच्या जागी सोलापुरी चादर घातली तेव्हा पिशवी २७ अंशांपर्यंत जागची हलली नाही, म्हणजे ताशी १८ किलोमीटरचा जोरदार ब्रेकही तिने तोलला असता. दिवाणाचे रेक्झीन आणि बसचे रेक्झीन तंतोतंत एक नाही हे मान्य करूनही, घरची जाड चादर बरोबर न्यावी असे मी सांगेन. पाण्याच्या बाटलीसाठी जाळी नाही, त्यामुळे कोणाची तरी बाटली रात्रभर मधल्या वाटेत पुढेमागे लोळत होती. वेगाच्या बदलाची नोंद ठेवणारे ते दुसरे यंत्र म्हणता येईल, पण झोपेच्या दृष्टीने ते नको होते.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. गाडी वेळेवर आली, एसी बेताचा होता, ब्लँकेट धुतलेले होते, जेवणाचा थांबा महाग आणि स्वच्छ होता.

सावंतवाडीला चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी त्या ज्येष्ठ चालकांना गाठले आणि घाट इतका अलगद कसा उतरवला असे विचारले. ‘टर्नच्या आत ब्रेक दाबायचा न्हाई, सर,’ ते म्हणाले. ‘ब्रेक आधी, टर्नात नुसती हलकी रेस. आत दाबला की वरचा माणूस खाली येतोय.’ वळणाची बाजूची ओढ आणि ब्रेकची पुढची ओढ या दोन्ही एकाच वेळी अंगावर आल्या की शरीर तिरके फेकले जाते आणि बर्थची कड नेमकी त्या दिशेला अपुरी पडते, हे मी फळ्यावर सदिशांची बेरीज काढून दाखवले असते. त्यांनी ते चहाचा एक घोट संपायच्या आत सांगितले.

पणजीच्या कार्यालयात परतीचे तिकीट काढताना मी बर्थ कोणता हे सांगण्याआधी चालक कोण असेल हे विचारले. तिथल्या तरुणाने कोणाची ड्युटी लागेल ते इथे कळत नाही असे सांगितले, तरी संगणकावर पाहून डाव्या रांगेतले, चाकांच्या मधले दोन खालचे बर्थ दिले. परतीच्या रात्री चाकावर पुन्हा तेच पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. किल्ली आणि दोरा पिशवीतच राहिले, कारण आंबोली चढायच्या आधीच आम्हां दोघांनाही झोप लागली होती. जाग आली ती कोल्हापूर सोडल्यावर, पहिल्याच ब्रेकला.